फोनला दिसलेला डाग

आत्याला मशेरीची सवय कधी लागली, ते तिलाही नीट सांगता यायचं नाही. लग्न होऊन लालबागला आली तेव्हा तिची सासू तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची, आणि घरातल्या सगळ्या बायका ती दातांना लावायच्या. तेव्हापासून हिचंही सुरू झालं. मी तिला रोज सकाळी मोरीजवळच्या पाटावर बसलेली बघायचे. डबीतून चिमूटभर काळी पूड घ्यायची, दातांवरून बोट फिरवायची आणि उरलेली डाव्या गालात सारून चहाचं आधण ठेवायची.

मी कणकवलीहून कॉलेजसाठी मुंबईत आले ती तिच्याच खोलीत उतरले. एम.एस्सी. झाले, नोकरी लागली, तरी तिथेच राहिले. आतोबा मी यायच्या आधीच वारले होते. आत्याचा मुलगा, माझा दादा, लग्नानंतर बदलापूरला गेला. खोलीत आम्ही दोघीच. आत्या लालबागच्या मसाला बाजारात एका डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत, कामाला होती. मिरच्यांची देठं काढायची, धणे, खसखस, दगडफूल वेगवेगळं भाजायचं आणि कुटून आलेला मसाला चाळायचा. उन्हाळ्यात गिऱ्हाइकांची रांग लागली की ती संध्याकाळी घरी यायची तेव्हा चाळीच्या जिन्यात ती दिसायच्या आधी शिंका ऐकू यायच्या. तिच्या लुगड्याला लागलेल्या तिखटाने शेजारपाजारचे शिंकत असायचे. तिच्या हातचं माशाचं तिखलं खाऊन माझ्या मैत्रिणींच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि ती म्हणायची, "अजून बिचाऱ्यांका सवय नाय."

माझं काम परळला, एका संशोधन संस्थेत. मी डॉक्टर नाही. भौतिकशास्त्र शिकले आणि प्रकाशाच्या कामात पडले. आमच्या गटाचं काम सांगायला सोपं होतं. तोंडाच्या आत विशिष्ट निळा-जांभळा उजेड टाकला की गालाचं निरोगी अस्तर स्वतःचा एक फिकट हिरवा उजेड परत देतं. जिथे पेशी बिघडायला लागलेल्या असतात तिथे तो हिरवा उजेड कमी होतो आणि तेवढा भाग काळपट दिसतो. साध्या डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. त्यासाठी मोठी यंत्रं आहेत, पण ती मोठ्या दवाखान्यांतच असतात. आम्ही तेच काम साध्या स्मार्टफोनवर करून बघत होतो. फोनच्या कॅमेऱ्यावर बसेल आणि जिचं टोक तोंडात नेता येईल अशी एक काळी टोपी, तिच्यात छोटे दिवे, आणि टाकलेला निळा उजेड अडवून फक्त परत आलेला उजेड आत सोडणारी एक काच. आशा सेविकेला पर्समध्ये टाकून चाळीचाळींतून नेता येईल एवढंच सामान असावं, ही कल्पना.

फोनला खरं बोलायला लावणं हे माझं काम. फोनचा कॅमेरा मुळात गोडबोल्या असतो. अंधार असला की तो स्वतःच उजळ करतो, रंग सुधारतो, चेहरे गोरे करतो. आम्हाला त्याची ही सगळी मेहेरबानी बंद करायची होती. त्यात दोन कंपन्यांचे फोन एकच गाल दोन रंगांत दाखवायचे. म्हणून प्रत्येक फोटोत कडेला एक ठरावीक चमकणारा ठिपका यावा, त्यावरून बाकीचे रंग ताडून घ्यावेत, असं मी बसवलं होतं. त्या ठिपक्यावर मी कित्येक महिने घालवले. मला त्याचा अभिमान होता, हे लपवायचं कारण नाही.

बाहेरचा उजेड आत आला की सगळं बिघडायचं. प्रयोगशाळेत दिवे बंद करता येतात, पण चाळीच्या खोलीत भर दुपारी काय करणार? म्हणून डोक्यावरून घ्यायला काळ्या कापडाचा बुरखा हवा होता. तो आत्याने शिवला, तिच्या पायमशीनवर, दुहेरी अस्तर लावून. "माझ्या भाचीच्या मशीनचो घागरो," असं ती चाळीत सांगत फिरली.

एका रविवारी मी ते सगळं घरी आणलं. आमच्या खोलीत उजेड कितपत शिरतो ते बघायचं होतं, एवढंच. शेजारच्या वहिनी आधी बसल्या. बुरखा घेतला, आ केला, मी फोटो काढला. पडद्यावर त्यांचा गाल मंद हिरवा, आणि जिभेवर मागच्या बाजूला लालसर ठिपके. ते जिभेवरच्या जंतूंचे असतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, असं मी सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे मी जिभेवर कुंकू घेऊन हिंडते होय!" आत्या एवढी हसली की तिला ठसका लागला.

मग ती स्वतः येऊन बसली. "घे गो, माझो पण काढ."

उजवा गाल हिरवा आला. डाव्या गालात, खालच्या दाढांच्या समोर, काळा डाग आला.

पहिल्यांदा मला वाटलं, पूड राहिली असेल. चूळ भरायला लावली, पुन्हा काढला. मग वाटलं, टोपीची कड गालाला घासली असेल. घासलेल्या जागीही रक्त साकळून काळपट दिसतं. हात हलका ठेवून पुन्हा काढला. फोन तिरका धरला, सरळ धरला. कडेचा ठिपका प्रत्येक वेळी जसा हवा तसा चमकत होता, म्हणजे कॅमेरा चुकत नव्हता. डाग तिथेच होता. वहिनींना हसू येईनासं झालं होतं. त्या "गॅसवर दूध आहे" म्हणून उठून गेल्या.

"काय झाला गो?" आत्याने बुरख्यातून तोंड बाहेर काढून विचारलं.

मी टॉर्च लावून गालात पाहिलं. साध्या उजेडात थोडी पांढुरकी, खरखरीत जागा दिसली, बस. विचारलं, "इथे झोंबतं का कधी?"

ती बुरख्याची शिवण चाचपायला लागली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की गेले काही महिने घरातलं कालवण सौम्य झालं होतं. मी समजत होते, वय झालं, पित्त होतं, म्हणून ती तिखट कमी घालते. सोलकढीतली मिरचीसुद्धा गेली होती. डंकावर मसाला चाखायचं कामही तिने दुसऱ्या बाईकडे दिलं होतं, हे मला नंतर कळलं.

"झोंबता जरासा," शेवटी ती म्हणाली. "त्येका काय झाला? मिरच्येत हात घालणाऱ्याक झोंबायचाच."

सोमवारी मी फोटो घेऊन आमच्या गटातल्या दातांच्या डॉक्टरकडे गेले. ती पुण्याची, माझ्याच वयाची, आमची चांगली मैत्री होती. तिने फोटो मोठा करून पाहिला.

"कोणाचा आहे?"

"माझ्या आत्याचा."

तिने फोन खाली ठेवला. "अगं, चित्रावरून मी काही बोलू शकत नाही. तुला माहितीये ना. सूज असली तरी काळं दिसतं, साधी जखम असली तरी दिसतं. तुकडा काढून तपासल्याशिवाय कोणीच काही सांगू नये. तू त्यांना उद्या हॉस्पिटलात घेऊन ये, मी स्वतः बरोबर थांबते."

हे सगळं मला ठाऊक होतं. आमच्या यंत्राच्या माहितीपत्रकात ही वाक्यं मीच लिहिली होती. फोन निदान करत नाही. कोणाला पुढे पाठवायचं एवढंच सुचवतो. लिहिताना ती वाक्यं किती सरळ वाटली होती.

आत्या आली नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही.

लालबाग-परळच्या माणसाला ते कॅन्सरचं मोठं हॉस्पिटल काय आहे, हे सांगावं लागत नाही. लहानपणापासून त्याच्यासमोरून बस जाते. फुटपाथवर गावोगावची माणसं चटया टाकून राहिलेली असतात, नाकात नळी, गळ्याला पट्टी, हातात एक्सरेचं पाकीट. आत्या कित्येक वर्षं सणावाराला तिथे पेज आणि भाजी करून द्यायची. तिने अर्धा जबडा गेलेली माणसं जवळून पाहिली होती, त्यांच्या हनुवटीवरून ओघळलेली पेज पदराने पुसली होती. आतोबाही फुप्फुसाच्या कॅन्सरने तिथेच गेले होते. ती अडाणीपणाने नाही म्हणत होती असं मला कधीच वाटलं नाही. तिथे काय होतं ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तिथून बरी होऊन आपापल्या घरी गेलेली माणसं मात्र फुटपाथवर कोणाला दिसत नाहीत.

"मी थंय जावचंय नाय," ती म्हणाली. "तुझे आतोबा गेले ते परत इले नाय."

"आतोबांचं वेगळं होतं. तुझं लवकर सापडलंय. लवकर सापडलं की एवढंसं कापून मोकळं करतात."

"सापडला काय? तुझी ती डॉक्टरीण काय म्हणाली? कॅन्सर आसा म्हणाली?"

"तसं नाही म्हणाली. तपासल्याशिवाय कळत नाही म्हणाली."

"मग! तिकाच कळत नाय, आणि मी जाऊन गाल कापून घेऊ?"

खरं तेच ती बोलत होती. मी खात्रीने सांगितलं असतं, तर कदाचित ती घाबरून आली असती. पण मला खात्री नव्हती, आणि खोटं सांगायला जीभ वळेना. दादाला फोन केला. तो रविवारी आला, आईसमोर बसला, हॉस्पिटलचं नाव काढलं. ती उठून भांडी घासायला गेली. जाताना जिन्यात तो मला म्हणाला, "ती माझं ऐकते होय? तुझं ऐकते. तू शिकलेली आहेस, त्यातली आहेस. तू समजव तिला." त्याचा चेहरा उतरला होता. एवढ्या मोठ्या बाप्याला रडू आवरत नव्हतं.

त्यानंतर आत्याने स्वतःच तोड काढली. मशेरी बंद केली. डबी माझ्यासमोर कचऱ्यात टाकली. आणि म्हणाली, "तुझो फोन आसा मा? तूच बघ दर रविवारी. कमी झाला तर बरा झाला. वाढला तर बघू."

"आत्या, फोन औषध नाहीये."

"माका ठाऊक आसा. पण तुझो फोन कापणा नाय."

मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर तिने तोंड दाखवायचंही बंद केलं असतं. निदान नजर राहील, वाढलं तर दाखवून नेता येईल, असा माझा हिशेब होता. डॉक्टरमैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, हे धोक्याचं आहे. पण तू तरी काय करणार? डोळ्यांत तेल घालून बघ. आणि समजावणं सोडू नकोस."

तेव्हापासून रविवारची दुपार ठरून गेली. जेवण झालं की आत्या चूळ भरायची, खिडक्या लावायची, खाटेवर बसायची आणि स्वतः शिवलेला तो बुरखा डोक्यावरून ओढून घ्यायची. मी आत शिरायचे. आत आमचा दोघींचा श्वास, तिच्या केसांतल्या खोबरेलाचा वास आणि तो निळा उजेड. ती डोळे गच्च मिटून आ करून बसायची. फोटो काढला की लगेच विचारायची, "वाढलो काय?"

आणि मला सांगता यायचं नाही. म्हणजे कधी डाग किंचित लहान वाटायचा. मग लक्षात यायचं, आज तिने तोंड कमी उघडलंय, म्हणून कड सुरकुतीत गेलीय. कधी मोठा वाटायचा. तर आदल्या दिवशी गरम चहाने गाल भाजलेला असायचा. प्रयोगशाळेत ज्या अडचणींवर आम्ही चर्चा करायचो, आलेख काढायचो, त्या सगळ्या इथे एका खाटेवर येऊन बसल्या होत्या. शंभर जणांत कोणाला पुढे पाठवायचं हे सांगायला ते साधन बनवलं होतं. एका बाईच्या गालातला एक डाग या आठवड्यात किती सरकला, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. पण तिने विचारलं की मी पडद्याकडे बघत राहायचे, जणू थोडा वेळ आणखी पाहिलं तर दिसेल.

"तेवढाच आहे," मी सांगायचे. बहुतेक वेळा ते खरंही होतं. पण पुढे जोडायचे, "तेवढाच राहणं म्हणजे बरं होणं नाही, आत्या. आपण एकदा दाखवून येऊ. मी हात धरून बसते."

"तेवढोच आसा मा?" ती म्हणायची. "मग झाला." आणि खिडक्या उघडायला उठायची. माझ्या वाक्याचा पहिला भाग तिला पुरायचा. मग ती वहिनींकडे जाऊन सांगायची, भाचीने तपासलं, तेवढंच आहे म्हणाली. चाळीत तोवर झालं होतं की मी तिच्यावर उपचार करतेय. एकदा तळमजल्यावरच्या काकांनी मला थांबवून आशीर्वाद दिला.

मी इतर उपायही केले. डॉक्टरमैत्रिणीला जेवायला घरी बोलावलं. आत्याने तिला कोंबडी-वडे करून घातले, पुण्याला आई कशी आहे विचारलं, जाताना डंकावरचा मसाला बांधून दिला. डॉक्टर हळूच म्हणाली, "आत्या, मी जरा गाल बघू?" आत्या हसून म्हणाली, "पावण्या माणसान जेवून असली कामा करू नयेत." मैत्रिणीने मग बोट लावायचा आग्रह केला नाही. खाली उतरल्यावर मला म्हणाली, "त्यांनी जेवताना डावीकडे घास नेला नाही एकदाही." ते मीही पाहिलं होतं.

भांडूनही पाहिलं. एकदा बॅग भरली आणि म्हटलं, तू आली नाहीस तर मी गावी जाते, तुझं तू बघ. ती म्हणाली, "जा. बापाशीक सांग, आत्या बरी आसा." आणि मला वाटेत खायला लाडू बांधायला बसली. मी बॅग रिकामी केली.

गणपती झाले, दिवाळी झाली. थंडीत तिचं तोंड पूर्वीइतकं उघडेना. टोपी आत नीट बसेना. फोटोत डागाच्या कडा मला आता पुसट वाटायला लागल्या होत्या, म्हणजे काळं कुठे संपतं आणि हिरवं कुठे सुरू होतं ते समजेना. पण तोंड उघडेनासं होणं हेच वाईट लक्षण होतं. मी तिला स्पष्ट सांगितलं, "आत्या, वाढलाय."

तिने बुरखा काढून मांडीवर घडी घातली. "नक्की?"

"नक्की."

"गेल्या वेळी पण तुका आधी तसा वाटला होता. मग तेवढोच निघालो."

खरंच तसं झालं होतं. मला तेव्हा त्या फोनचा इतका राग आला की तो भिंतीवर फेकावासा वाटला.

उन्हाळा तोंडावर आला, डंकावर मिरच्यांची पोती यायला लागली, आणि एका सकाळी तिची डावीकडची दाढ हलायला लागली. कानातून कळ निघत होती. जबड्याखाली बोराएवढी गाठ लागत होती. ती पाटावर बसली होती, पण हातात काहीच नव्हतं. मला म्हणाली, "आज फोन नको. चल, खय जावचा थंय जाऊया."

एवढे महिने मी ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य ती बोलली, आणि मला सुटल्यासारखं अजिबात वाटलं नाही. टॅक्सीत ती खिडकीतून बाहेर बघत होती, आणि मी तिच्या हातावर हात ठेवून बसले होते.

हॉस्पिटलात मैत्रीण वेळेवर आली होती. तिने आम्हाला एका वयस्क डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हातमोजे घातले, साधा टॉर्च लावला, बोटाने गाल चाचपला, मानेवरची गाठ दाबून पाहिली. फार वेळ लागला नाही. मग आत्याशीच बोलले, माझ्याशी नाही. "आजी, किती दिवस आहे हे?"

आत्याने माझ्याकडे बोट केलं. "हिका ठाऊक. ही दर आठवड्याक फोटो काढी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. मी खिशातला फोन काढून देऊ की नको, अशी उभी राहिले. त्यांनी मागितला नाही. त्यांना आता त्याची गरज नव्हती.

तुकडा तपासला, स्कॅन झाले. जबड्याच्या हाडापर्यंत गेलं होतं. ऑपरेशन झालं, गालाचा आणि जबड्याचा भाग काढावा लागला, छातीवरची कातडी वळवून गाल शिवला. मग विजेचं शेकणं, म्हणजे किरणांचा उपचार. त्या सगळ्या दिवसांत दादा आणि मी आळीपाळीने बसायचो. सगळे चांगले वागले. कोणाकडे बोट दाखवावं असं काही नव्हतंच, आणि तेच जड जात होतं.

आमचं साधन मात्र चांगलं निघालं. चाचण्या पार पडल्या, वेगवेगळ्या फोनवर ते नीट चालायला लागलं, आणि आम्ही वस्त्यांमध्ये शिबिरं घ्यायला लागलो. मी माझगावच्या एका शिबिरात होते. डॉकयार्डातले कामगार रांगेने आले, थट्टा करत आ करत होते, पडद्यावरचे हिरवे गाल बघून एकमेकांना चिडवत होते. चाळिशीतला एक माणूस बसला. जिभेच्या कडेला काळं आलं. मी चूळ भरायला लावली, पुन्हा काढला. तसंच. मग मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, जेवढं सोपं करून सांगता येईल तेवढं. डॉक्टरांची चिठ्ठी दिली.

"म्हणजे काही वाईट आहे का मॅडम?"

"तपासल्याशिवाय नाही सांगता येत. म्हणून तर तपासायचं."

"हो हो," तो म्हणाला. "जातो ना. सुट्टी मिळाली की जातो."

तो हो कोणत्या जातीचा आहे, ते मी ओळखलं. त्याच्या मागे जाऊन दंड धरावा असं वाटलं. पण रांगेत पुढचा माणूस आ करून बसला होता. पुढे आमच्या माणसाने त्या चिठ्ठीवाल्याला फोन केले, तर कधी लागायचा नाही, कधी बायको उचलून सांगायची की ड्युटीवर गेलेत.

आत्या आता घरी आहे. दर काही महिन्यांनी तपासायला नेतो. सध्या तरी नव्याने काही दिसत नाही, असं डॉक्टर म्हणतात. सगळं मिक्सरमध्ये पातळ करून द्यावं लागतं. डंकावरच्या बायका भेटायला येतात, बाजारातल्या गोष्टी सांगतात, ती मान हलवते. बोलते, पण शब्द नीट फुटत नाहीत. दादाला निम्मं कळतं, मला त्याहून जास्त, कारण मी सतत जवळ असते. वहिनींना काहीच कळत नाही, पण त्या सगळ्याला हो म्हणतात.

परवा दुपारी मी तिचे केस विंचरत होते. किरणांनी कानाच्या मागचे गेलेले केस परत यायला लागलेत, मऊ, लहान मुलासारखे. ती मधेच काहीतरी बोलली. मला कळलं नाही. "काय गं?" म्हटलं. ती पुन्हा बोलली, जरा जोर लावून. तीनच शब्द असावेत. पहिला "तू" होता एवढं समजलं. पुढचं नाही. मी समोर येऊन बसले, तिच्या ओठांकडे बघत राहिले. तिने तिसऱ्यांदा सांगितलं. हनुवटीवर लाळ आली, ती मी रुमालाने टिपली.

"हो, आत्या," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मला कळलेलं नाही, हे तिला कळलं होतं. तिने मान वळवून पाठ माझ्याकडे केली, आणि मी उरलेले केस विंचरून घेतले.